खाली बसवलेली गाडी

शोरूममधला विक्रेता पहिल्यापासून शेवटपर्यंत नवऱ्याशीच बोलत होता. इंजिनाबद्दल त्याला सांगितलं, चारही चाकांना जोर कसा मिळतो ते त्याला सांगितलं, आणि तिच्याकडे वळून म्हणाला की डोक्यावरची झडप खाली ओढली की तिच्यातल्या आरशात दिवा लागतो. खरं तर प्रश्न सगळे ती विचारत होती. गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे, मागच्या सीट पाडल्यावर तळ सपाट होतो का, मागे ट्रेलर जोडता येईल का. उत्तरं मात्र नवऱ्याच्या तोंडाकडे बघून यायची आणि नवरा हसून मान डोलवायचा. शेवटी किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा विक्रेत्याने ती नवऱ्याच्या हातावर ठेवली. नवऱ्याने ती घेतलीसुद्धा. तिने त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि गाडीत जाऊन बसली. घरी येईपर्यंत नवरा शेजारच्या सीटवर बसून सांगत होता की एवढ्याशा गोष्टीवरून डोक्यात राख घालून घ्यायची काही गरज नव्हती.

ती गुरांची डॉक्टर होती. गावातल्या दवाखान्यात बसायचे दिवस थोडे, बाकी सगळी कामं डोंगरावरच्या गोठ्यांत. आधीची गाडी साधी, छोटी. पाऊस पडून गेला की ती कुठल्या तरी चढावर हमखास रुतायची, आणि मग कुणाचा तरी ट्रॅक्टर येईपर्यंत डॉक्टर रस्त्याच्या कडेला आणि जनावर गोठ्यात. सगळे तिला जीप घे म्हणत होते. पण जीपमध्ये चढून-उतरून तिची कंबर धरायची, आणि घाटाच्या वळणांवर ते उंच धूड झुलायला लागलं की तिच्या पोटात ढवळायचं. तिला हवी होती ती ही गाडी. लांब पाठीची, मागे पेट्या आणि दोर मावतील अशी. चिखलात चारही चाकांनी पाय रोवून चालणारी, आणि चांगल्या रस्त्यावर पाय दाबला की अशी पळणारी की पाठ सीटला चिकटावी. या शेवटच्या कारणाबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती. गाडी जोरात चालवायला तिला आवडायचं, बस. स्वतःच्या कमाईतून घेतली होती, कुणाला सांगायची गरज नव्हती.

पहिले काही महिने फार छान गेले. मागच्या जागेत तिने सुताराकडून खण करून घेतले. एकात सलाइनच्या बाटल्या, एकात वासरू ओढायचे दोर आणि साखळ्या, एकात हातमोजे, साबण आणि जुने टॉवेल. खाली रबराची चटई, ती बाहेर काढून नळाखाली धुता यायची. डोंगरावरची माणसं गाडीचा आवाज ओळखायला लागली. आवाज आला की कुणी तरी आधीच बादलीभर गरम पाणी काढून ठेवायचं.

मग घरच्यांनाही गाडी आवडायला लागली.

नवऱ्याचं फर्निचरचं दुकान होतं आणि स्वभाव लोण्यासारखा. त्याने उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. त्यातही धाकट्या भावाला तर नाहीच. या भावाला घरात अजून पिंट्याच म्हणत. डोक्यावरचे केस मागे सरकायला लागले होते, तरी पिंट्या. एका मित्राबरोबर त्याचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान होतं. काचांना काळी फिल्म लावणं, स्पीकर बसवणं, सीटकव्हरं, स्टिकर असली कामं. हात चांगला होता, कामात मन नव्हतं. रविवारी यायचा, आईच्या हातचं जेवायचा आणि जाता जाता म्हणायचा, "वहिनी, जरा एक चक्कर मारून आणतो."

चक्कर संध्याकाळपर्यंत चालायची. गाडी परत यायची तेव्हा सीट मागे सरकवलेली, रेडिओ ठणाणा लावलेला, टाकी तळाला. एकदा तिचे खण बाहेर काढून अंगणात ठेवलेले होते, कारण पिंट्याच्या मित्रांना मागे पाय पसरायचे होते. तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, ही माझी कामाची गाडी आहे, कुणाला द्यायची नाही. नवरा म्हणाला, बरोबर आहे तुझं. पुढच्या रविवारी जादा किल्ली त्यानेच काढून दिली. सासूबाई म्हणाल्या, पोरगं हौशी आहे, तेवढीच त्याला गंमत. तिला मूल नव्हतं, म्हणून घरातलं पोरगं म्हणजे पिंट्या, असा काहीसा हिशेब त्या घरात होता आणि तो तिने कधी मान्य केलेला नव्हता.

पावसाळ्याच्या शेवटी ती एका प्रशिक्षणासाठी परगावी गेली. प्रवास आगगाडीचा, त्यामुळे गाडी घरी. परत आली तर अंगणात तिघं जण उभे. नवरा, सासूबाई आणि पिंट्या. तिघांच्याही चेहऱ्यावर वाढदिवसाचं हसू. मध्ये तिची गाडी, म्हणजे तिच्यासारखीच कुठली तरी गाडी. पोट जमिनीला टेकायच्या बेताला आलेलं. मोठी चकचकीत व्हील आणि त्यांवर पट्टीएवढे पातळ टायर. पुढच्या बंपरखाली ओठासारखी काळी पट्टी, दारांवर दोन लाल रेघा.

पिंट्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं की गाडी लोअर केली आहे, म्हणजे खाली बसवली आहे. कडक स्प्रिंगा, नवे शॉकअप. वळणावर आता ती रस्त्याला चिकटून बसेल. अशी गाडी असून कुणी तिला बैलगाडीसारखी वापरतं, ते त्याला बघवत नव्हतं. सगळं त्याच्या खर्चाने, वहिनीला भेट.

ती गाडीभोवती फिरली. खाली वाकून तिने पोटाखाली हात घातला. मूठ कशीबशी गेली.

"ही डोंगरावर कशी चढायची?" तिने विचारलं.

पिंट्याने नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, अगं, हळू घेतली की जाईल. सासूबाई म्हणाल्या, इतक्या प्रेमाने केलंय त्याने, आधी कौतुक तरी कर. तिने कौतुक केलं नाही. उद्याच्या उद्या होती तशी करून आणा, एवढं सांगितलं आणि बॅग घेऊन आत गेली. पिंट्या न जेवता निघून गेला. घरात दोन दिवस सगळे असे वावरत होते की जणू तिनेच कुणाचं तरी काही मोडलं होतं.

उद्याचा परवा झाला. पिंट्याला ताप आला, मग त्याचा मित्र गावाला गेला. तिने नवऱ्याला विचारलं, जुन्या स्प्रिंगा आणि चाकं कुठे आहेत? तो म्हणाला, आहेत की दुकानात, नीट बांधून ठेवलीत, सोमवारी बसवून देतो म्हणालाय. विचारलं की रोज हेच, आणि इतक्या सहज म्हणायचा की तिने दुसरं काही मनात आणलं नाही. तोवर तिने जवळच्या, डांबरी रस्त्यावरच्या गोठ्यांचीच कामं घेतली.

शनिवारी सकाळी फोन वाजला. डोंगराच्या कडेला दोघी बहिणी राहायच्या. थोरली आणि धाकटी, दोघींचेही केस पांढरे झालेले, दोघींच्या मिळून चार गाई. फोन धाकटीचा होता. तांबडी पहाटे व्याली, वासरू ठीक आहे, पण गाईचं मायांग बाहेर आलंय. म्हणजे वासरापाठोपाठ गर्भाशयच उलटं होऊन बाहेर पडलेलं. अशा वेळी गाय निवांत पडून राहिली तर वाचते, उठून हिंडली तर आतली मोठी रक्तवाहिनी तुटते. डॉक्टरने फोनवरच सांगितलं, गाईला उठू देऊ नका, स्वच्छ चादर ओली करून त्यावर गुंडाळा, मी निघाले. नवऱ्याची गाडी मागायला ती दुकानात फोन करत राहिली. त्याने उचलला नाही. मग होती तीच घेऊन निघाली.

डांबरी रस्ता संपेपर्यंत ठीक होतं. पुढचा चढ ट्रॅक्टरच्या चाकांनी खणलेला. दोन बाजूंना खोल चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंच वरंबा. हाच चढ तिची गाडी एका दमात चढायची. आता पहिल्याच वळणावर खालून खरवडल्याचा आवाज आला. तिने एक चाक वरंब्यावर, एक कडेला असं घेऊन बघितलं. थोडी वर गेली, मग टायर घसरले, गाडी चाकोरीत उतरली आणि पोटावर बसली. चारही चाकं फिरत होती, जोर सगळ्यांना मिळत होता, पण जमिनीला धड लागत एकही नव्हतं. खालच्या दगडाने इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर फोडला होता. गवतावर काळं ऑइल पसरायला लागलं.

तिने मागचं दार उघडलं. बॅग, दोर, सलाइन, मायांगाची सूज उतरवायची साखर, जेवढं उचललं तेवढं घेतलं आणि चालायला लागली. मध्ये मध्ये पळाली. बूट चिखलात रुतत होते, बॅगेचा पट्टा खांद्यात घुसत होता, आणि ती मोठमोठ्याने बोलत होती. काय बोलत होती ते ऐकायला तिथे कुणी नव्हतं ते बरंच झालं.

ती पोचली तेव्हा गाय गोठ्याच्या दारात आडवी होती. थोरली तिच्या मानेवर हात ठेवून बसली होती. दोघींनी तिला बराच वेळ दाबून धरलं होतं. धाकटी सगळं वजन टाकून गळ्यावर बसली होती. मग वासरू हंबरलं आणि तांबडी दोघींना झटकून उठली. चार पावलं चालली आणि पडली. डॉक्टरने डोळ्याच्या आत बघितलं, पापणी कागदासारखी पांढरी. छातीला कान लावला. अंग अजून गरम होतं, आत काही नव्हतं.

तिने बाह्या वर केल्या आणि भांडं मागितलं. मेलेल्या गाईच्या कासेशी बसून तिने चीक काढला. पहिला चीक पोटात गेला नाही तर वासरूही जगत नाही. पिवळा, घट्ट चीक भांड्यात पडत होता आणि तिचे दात इतके आवळलेले होते की जबडा दुखायला लागला. धाकटीने वासराला मांडीत घेतलं आणि बाटलीने पाजलं. कालवड होती, आईसारखीच तांबडी.

"गाडीचा आवाज ऐकला आम्ही," थोरली म्हणाली. "तुमची नाही वाटली."

"माझीच होती," डॉक्टर म्हणाली.

धाकटीने वासराच्या तोंडातली बाटली सावरली. त्यांनी दोष दिला असता तर तिला बरं वाटलं असतं.

शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरने गाडी ओढून गावातल्या गॅरेजवर आणून सोडली. तिचा नेहमीचा मिस्त्री खाली वाकला, बघितलं आणि च्यक् केलं. चेंबर बदलावा लागेल म्हणाला, ते होईल. जुन्या स्प्रिंगा आणा, एका दिवसात होती तशी करून देतो. तिने तिथूनच पिंट्याच्या दुकानात फोन लावला. पिंट्या नव्हता, मित्राने उचलला. तो बिचारा सरळ बोलून गेला. स्प्रिंगा? त्या तर त्याच आठवड्यात विकल्या, चाकांसकट. ते पैसे धरूनच तर नवा सेट बसला. दादांना माहीत आहे की, ते तिथेच होते.

दादा म्हणजे तिचा नवरा.

घरी आली तेव्हा तिच्या कपड्यांवर रक्त आणि चिखल वाळलेला होता. पिंट्या नवऱ्याबरोबर चहा पीत बसला होता. ट्रॅक्टरमागून ओढत नेलेली गाडी कुणी तरी बघितली होती आणि बातमी आधीच पोचली होती. तो उठून उभा राहिला.

"वहिनी, पुढची पट्टी तुटली का?" त्याने विचारलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने पिंट्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"स्प्रिंगा कुठे आहेत?"

नवऱ्याने कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर तेच ते सगळ्यांना सांभाळून घेणारं हसू यायला लागलं आणि अर्ध्यात थांबलं. तो म्हणाला, अगं, तुला आधीच इतका राग आला होता, आणखी वाढेल म्हणून बोललो नाही. नव्या मागवणारच होतो.

"गाय मेली," ती म्हणाली. "मी पायी पोचेपर्यंत मेली. तू मला रोज सांगत होतास, दुकानात आहेत. रोज."

पिंट्या मधे पडला. दादाला कशाला बोलतेस, सगळं मी केलं, मला काय माहीत असं होईल. सासूबाई आतून आल्या. जनावर होतं, माणूस तर गेलं नाही ना, म्हणाल्या. तेव्हा ती त्यांच्याकडे वळली. आवाज अजिबात चढवला नाही तिने.

"आई, त्या दोघींच्या घरात तुम्ही हे बोलून दाखवा. मी नेते तुम्हाला. आत्ता."

सासूबाई पदर सारखा करत आत निघून गेल्या.

मग ती पिंट्याला म्हणाली, की त्याला माहीत नव्हतं हे ती मान्य करते. त्याला कधीच काही माहीत नसतं, कारण माहीत करून द्यायचं काम या घरात कुणी केलंच नाही. पण त्याच्या भावाला माहीत होतं. गाडी कुठे जाते, कशासाठी जाते, रुतली तर काय होतं, हे त्याने वर्षानुवर्षं रोज जेवताना ऐकलं होतं. त्याने दोघांपैकी कुणाला दुखवायचं ते ठरवलं आणि तिला निवडलं, कारण ती समजून घेते. आता ती समजून घेणार नव्हती.

"उद्या सकाळी दोघंही कामाचे कपडे घालून तयार राहा," ती म्हणाली. "खड्डा खणायचा आहे."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या गाडीने तिघं डांबरी रस्त्याच्या टोकापर्यंत गेले आणि पुढे चालत. तिने दोघांच्या हातांत फावडी दिली होती. चढावर पिंट्याला दम लागला. गाडी बसली होती तिथे गवतावरचा ऑइलचा डाग त्याने बघितला आणि तो वळसा घालून गेला. तांबडी गोठ्यामागे ताडपत्रीखाली होती. ताडपत्री उचलली तेव्हा नवऱ्याने तोंड फिरवलं. गाय एवढी मोठी असते हे त्या दोघांना बहुधा ठाऊक नव्हतं.

जमीन वरून मऊ आणि खाली मुरमाड. दुपारपर्यंत पिंट्याच्या हातांना फोड आले, नवऱ्याची पाठ वाकली. मेलेल्या गुरासाठी खड्डा खोल लागतो, नाही तर कुत्री उकरतात. ती दर थोड्या वेळाने काठावर येऊन बघायची आणि म्हणायची, अजून. शेजाऱ्याने आपलं खोदायचं मशीन आणू का विचारलं. तिने नको म्हटलं. थोरलीला ते पटलं नसावं. ती पाणी घेऊन आली आणि हलकेच म्हणाली, डॉक्टर, गाईला काय, मशीनने खणला तरी चालेल.

"गाईसाठी नाही," डॉक्टर म्हणाली.

गाय दोरांनी ओढून खड्ड्यात घातली, माती लोटली. मग पिंट्या दोघी बहिणींसमोर जाऊन उभा राहिला. चेहरा घामाने आणि मातीने माखलेला. चुकलं म्हणाला. धाकटीने मान खाली घातली. थोरली म्हणाली, "हात धुऊन घ्या. साबण तिथे आहे." तेवढंच. पिंट्याला काही तरी जास्त हवं होतं, ते त्याला मिळालं नाही. येताना गाडीत तो मागच्या सीटवर रडला. पुढच्या दोघांपैकी कुणी वळून बघितलं नाही.

दोघींना दुसरी गाय नवऱ्याने घेऊन दिली, आपणहून. तिने ते चांगलं केलंस असंही म्हटलं नाही आणि नको असंही नाही. गाडीला कंपनीच्या स्प्रिंगा आणि चाकं यायला महिना गेला. तोवर ती नवऱ्याची गाडी वापरायची आणि नवरा चालत दुकानात जायचा. लाल रेघा तिने स्वतः केस वाळवायच्या यंत्राने तापवून नखांनी सोलून काढल्या. सोलताना शेजारीण कुंपणावरून म्हणाली, छान दिसत होत्या हो. ती सोलत राहिली.

गाडी परत आली त्या दिवशी ती कुठल्याही गोठ्यावर न जाता सरळ मोठ्या रस्त्याला लागली आणि पाय दाबला. काचा खाली, वारा तोंडावर. तिला वाटलं होतं की राग थोडा तरी मागे पडेल. गाडी तशीच होती, देखणी, आवाज तोच, वळणावर तशीच हाताला येणारी. पण राग शेजारच्या सीटवर बसूनच राहिला. तिने त्याला उतरवलं नाही. इतकी वर्षं ती दर वेळी उतरवत आली होती, म्हणून तर सगळे चढून बसले होते.

सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आमच्या सुनेचा राग फार लांबतो हो. तिच्या कानावर यायचं. तिला त्याचं वाईट वाटेनासं झालं.

हिवाळ्यात एका संध्याकाळी ती एका घोडीच्या पायाला टाके घालून घरी आली. नवरा दारातच वाट बघत उभा होता. पिंट्या येऊन गेला म्हणाला. मित्रांबरोबर चार दिवस कुठे तरी जायचं होतं, दुकानाचा टेम्पो मागत होता.

"मी नाही म्हटलं," नवरा म्हणाला. "तोंडावर. आई पण समोर होती."

तो थांबून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिने पायरीवर बसून एक बूट ओढून काढला, मग दुसरा. तळवे गारठले होते.

"बरं," ती म्हणाली आणि आंघोळीचं पाणी तापवायला आत गेली.